कंपनी धरण्याआधी ताडपत्रीला विचारा

मी ताडपत्री बोलतेय. ट्रकवरचा माल झाकायची, जाड कापडाची, एके काळी काळी कुळकुळीत आणि आता राखाडी पडलेली. ह्या मोठ्या कंपनीच्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला जुन्या टायरांचा ढीग दिसतो. त्या ढिगावर वेडीवाकडी फेकलेली जी दिसते, ती मीच. येणारेजाणारे मला कचरा समजतात. समजोत बापडे. जन्मभर दुसऱ्याला झाकण्यात गेलं, त्यामुळे स्वतःबद्दल बोलायची सवय नाही. पण हल्ली बोलायला कुणी उरलंच नाही, म्हणून आपली आपल्याशीच पुटपुटत असते. तुम्ही ऐकताय तर बरंच झालं.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे बायका ओळीने मशीनवर बसायच्या आणि दिवसभर जाड दोऱ्याची घरघर चालायची. एकाच थानातून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी जुळी बहीण. कडेकडेने आमच्यात पितळी कड्या ठोकल्या. दुखलं, नाही असं नाही, पण दागिन्याला कोण नाही म्हणतं? शिवणाऱ्या बाईने आमच्या घड्या घातल्या आणि शेजारणीला म्हणाली, "ह्या दोघी जोडीनेच जाऊ देत गं. एका मापाच्या आहेत." त्या बाईचं तोंड मला आठवत नाही, पण तिचं ते बोलणं अजून आठवतं. आम्ही जोडीनेच ह्या कंपनीत आलो.

इथलं काम आधी समजून घ्या. बंद डब्याच्या गाडीचा ड्रायव्हर दार लावतो, कुलूप घालतो आणि शीळ घालत निघतो. आमच्या ट्रेलरला ना भिंती ना छप्पर, नुसती सपाट पाठ. तिच्यावर लोखंड येतं, लाकूड येतं, हत्तीएवढाली यंत्रं येतात. ते सगळं पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी बांधायचं ड्रायव्हरने, वर चढून आम्हाला पसरायचं ड्रायव्हरने, आणि माल भिजला किंवा हलला तर बोलणीही ड्रायव्हरनेच खायची. आमच्या घड्या उचलताना भल्याभल्यांच्या कमरेतून कळ निघते. मी हलकी नाही, मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही, हलकी असते तर पहिल्या वाऱ्यात उडाले असते.

आमची कंपनी बाहेरून बघाल तर डोळे दिपतील. ऑफिसला काचेचं दार, आत मऊ सोफा, गार पाण्याचं यंत्र, भिंतीवर चकचकीत गाड्यांचे फोटो. पण ऑफिसच्या मागे, यार्डात, आम्ही ताडपत्र्या चिखलात पडलेल्या असायचो. कुणाची कड फाटलेली, कुणाच्या कड्या उपटलेल्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! पण नोकरी मागायला येणारा सोफ्यावर बसतो, यार्डात कोण येतं?

तोही आला नव्हता. मी आता ज्याच्याबद्दल सांगणार आहे, त्याला सगळे 'मास्टर' म्हणायचे, कारण तो आधी शिंपी होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, खाली मान घालून चालणारा. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि त्याचं दुकान बसलं. बायको लेक लहान असतानाच गेली होती. लेकीला त्याच्या मोठ्या बहिणीने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, आणि तो ह्या वयात गाडी शिकला. त्याला शिकवणारा उस्ताद म्हातारा झालेला एक ड्रायव्हर होता. परवाना हातात देताना उस्तादाने त्याला एका छोट्या कंपनीचं नाव सांगितलं होतं. "तिथे जा," म्हणाला, "दिसायला काही नाही, पण नव्या माणसाला ती जागा बरी."

मास्टर गेला होता तिकडे. पत्र्याची खोली, मोडकी खुर्ची आणि जुनाट गाड्या बघून बाहेरच्या बाहेर परत फिरला. मग आमच्या सोफ्यावर येऊन बसला. नव्या ड्रायव्हरला एरवी कुणी दारात उभं करत नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असं ते गाडं. आमचे साहेब मात्र त्याला म्हणाले, "नवा आहेस? हरकत नाही. गाडी नवी कोरी देतो. शिकवायला माणूस देतो. आणि दर रविवारी घरी." त्या शेवटच्या शब्दावर मास्टर विरघळला. दर रविवारी घरी म्हटल्यावर लेकीला काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात सुरू झालं असणार. त्याने दुसरं काही विचारलंच नाही.

यार्डात त्याची थट्टा झाली. एक टोपी घालणारा जाडा ड्रायव्हर होता, तो ओरडला, "आला रे, टेलरचा ट्रेलर झाला!" मास्टरही हसला. शिकवायला दिलेला माणूस अर्धा दिवस त्याच्याबरोबर होता, आणि तो अर्धा दिवस शेजारच्या सीटवर घोरत होता.

पण मास्टरने आम्हाला हात लावला आणि मला कळलं की हा माणूस निराळा आहे. त्याने आम्हाला चिखलातून उचललं, झटकलं, धुतलं, उन्हात पसरलं. माझ्या पोटाशी एक हातभर चीर होती. दुसरा कुणी असता तर त्याने चिकटपट्टी मारली असती. मास्टरने खिशातून वाकडी सुई काढली, मेणाचा दोरा काढला, मांडी घालून बसला आणि चीर अशी शिवली की बोट फिरवलं तरी लागू नये. जन्मल्यापासून मला कुणी एवढं बघितलं नव्हतं. मला तो आवडला, सरळ सांगते. ताडपत्रीने असं बोलू नये म्हणतात, पण आता ह्या वयात मी कुणाला भिऊ?

मग आमचे दिवस रस्त्यावर सुरू झाले. लोकांना वाटतं, ट्रक चालवणं म्हणजे धावणं. धावणं कमी, वाट बघणं जास्त. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत उभं राहायचं, माल भरायची वाट बघायची, उतरवायला माणूस येईल म्हणून वाट बघायची. मास्टर ट्रेलरच्या सावलीला माझी घडी टाकून तिच्यावर बसायचा आणि डबा खायचा. आजूबाजूला दुसऱ्या गाड्या, दुसरे ड्रायव्हर, पण जो तो आपापल्या काचेआड. कधी कुणी हात करायचं, कधी तेही नाही. एकदा दिवसभरात तो फक्त वजनकाट्यावरच्या माणसाशी बोलला, तेही "पुढे घेऊ का?" एवढंच.

दुपारी लेकीचा फोन यायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा बदलायचा.

"बाबा, आज कुठे आहेस?"

"आज एका मोठ्या कारखान्यापाशी आहे. चिमणी आहे बघ, ही उंच."

"आणि तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोण असणार? ताडपत्री आहे."

"मग पत्रीमावशीला सांग, माझ्या बाबाशी बोलत जा म्हणावं."

मी मावशी झाले! मला तर गहिवरून आलं. मी त्याच्याशी बोलतही होते हो, पण माणसांना आमचं बोलणं म्हणजे नुसती फडफड वाटते.

पहिल्या रविवारी तो घरी गेला. दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी फोन आला. फोनवरून गाड्या हाकणारा जो माणूस ऑफिसात बसायचा, त्याला ड्रायव्हर लोक 'कुठवर' म्हणायचे, कारण तो नमस्कार-चमत्कार काही न करता एकदम "कुठवर आलास?" असंच विचारायचा. हा कुठवर म्हणाला, "परतीचा माल मिळालाय. तेवढा टाकून ये, मग जा घरी." तो माल टाकला, तिथून आणखी एक मिळाला. मग त्याच्या पुढचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मास्टरच्या वाट्याला एकच रविवार आला. घरी जायचा रविवार दर वेळी पुढच्या रविवारावर जायचा. मास्टर लेकीला समजावायचा, लेक "बरं" म्हणायची. पोरांचं ते "बरं" मोठ्या माणसाला कसं लागतं, ते मी त्याच्या खांद्यांवरून ओळखायचे.

आता माझ्या बहिणीचं सांगते. सांगावंसं वाटत नाही, पण ते सोडून पुढे जाता येत नाही.

त्या दिवशी प्लायवूडचा माल होता, ट्रेलरभर. एवढ्या लांब मालाला आम्ही दोघी लागायचो, मी पुढे आणि बहीण मागे, आणि जिथे भेटतो तिथे एकीची कड दुसरीवर चढवायची. ह्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते. पुढचीची कड मागचीच्या वर हवी, म्हणजे वारा वरून घसरून जातो. मास्टरने उलटं केलं. त्याचाही दोष कसा म्हणू? शिंपी माणूस, गिऱ्हाइकाला उभं करून त्याची पाठ बघायची जन्माची सवय. मागून बघणाऱ्याला एकही कड दिसू नये, पाठ कशी सपाट बसावी, असं त्याने आम्हाला घातलं. मागे जाऊन लांबून बघितलं आणि मान डोलावली. खरंच सुरेख दिसत होतो आम्ही. पण आमचं उघडं तोंड वाऱ्याकडे होतं आणि ते त्याला सांगायला यार्डात कुणी नव्हतं.

तरीही निभावलं असतं. उस्तादाने त्याला एक नियम घालून दिला होता. गाडी निघाली की माल हलतो, बसतो, आणि घट्ट आवळलेले पट्टे ढिले पडतात. म्हणून निघाल्यावर पहिली मोकळी जागा दिसेल तिथे थांबायचं, खाली उतरायचं आणि एकेका पट्ट्याला हात लावून बघायचं. "घरून निघताना आई पोराची बटणं बघते ना, तसं," उस्ताद म्हणायचा. मास्टरने ते मनाशी बांधलं होतं. त्याने गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात फोन वाजला.

"कुठवर आलास?"

"आत्ताच निघालोय साहेब. जरा थांबून पट्टे बघतो."

"आत्ताच निघालास आणि आत्ताच थांबतोस? तिकडे माणसं ताटकळलीत. बांधलंस ना?"

"बांधलंय, पण..."

"मग चल ना बाबा. पणबिण काय?"

मास्टरने गाडी परत रस्त्याला लावली. मला त्याचा राग आला नाही, अजूनही येत नाही. नोकरी नवी, फोनवरचा आवाज मोठा, आणि त्याच आवाजाच्या हातात रविवार. कोण थांबलं असतं?

पुढे मोकळं माळरान लागलं आणि वारा आमच्या मधल्या फटीत शिरला. माझी बहीण फुगायला लागली. तिचे रबरी बंद एकेक करून तुटत होते आणि मी तिची कड धरून ठेवायला बघत होते, पण मी तर तिच्या खाली होते, माझ्या हातात काय होतं? मास्टरने आवाज ऐकला, ब्रेक लावला. तोवर ती गेली. मागून एक छोटी मोटार येत होती, तिच्या काचेवर जाऊन ती पसरली.

मोटार रस्ता सोडून मातीत उतरली आणि एका खड्ड्याच्या तोंडाशी थांबली. कुणाला लागलं नाही. एक बाई बाहेर आली, कडेवर लहान मुलगी. तिने मास्टरकडे बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. मास्टर हात जोडून उभा होता. पुढे तो आपल्या बहिणीला फोनवर म्हणाला, "ताई, तिने मला चार शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं झालं असतं गं." माझी बहीण गटारात पडली होती, तिच्या चिंध्या झाल्या होत्या. आम्हाला जोडीनेच जाऊ दे म्हणाली होती ती बाई, पण ते तसं व्हायचं नव्हतं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होतं असं. यार्डातून दुसरी घेऊन जा." झालं. त्या फोनबद्दल कुणी बोललं नाही. कुठवरने दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच विचारलं, "कुठवर आलास?" यार्डातून आणलेली दुसरी ताडपत्री माझ्या शेजारी पसरली. ती वाईट नव्हती, पण आमचं माप जुळत नव्हतं.

त्यानंतर मास्टर गप्प झाला. आधीही फार बोलका नव्हता, पण आता गाडीत गाणंही लावेना. त्यातच घरून वेगळीच चाहूल लागायला लागली. तो फोन करायचा तेव्हा ताई उचलायची आणि म्हणायची, "अरे, ती खेळायला गेलीय." आणि मागून लेकीचा आवाज येत असायचा. माझ्या घडीवर बसून तो बोलायचा म्हणून मलाही ऐकू यायचा. मास्टर म्हणायचा, "असू दे, असू दे. खेळू दे तिला." फोन ठेवून तो डबा उघडून परत बंद करायचा.

शेवटी एका दुपारी लेक फोनवर आली. तिनेच एकदम विचारलं, "बाबा, सांग बरं मी कितवीत आहे?"

मास्टर हसला. "हे काय विचारणं झालं? चौथीत."

ती म्हणाली, "पाचवीत. शाळा केव्हाच सुरू झाली, बाबा."

"अगं हो, हो, पाचवीत! माझ्या डोक्यात..."

"असू दे," लेक म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. तिने ते अगदी मोठ्या माणसासारखं म्हटलं, त्यानेच इतके दिवस तिच्यासाठी म्हटलं तसं. मास्टरने फोन ठेवला आणि माझ्यावर आडवा पडून रडला. भर दुपारी, लोकांच्या देखत. मी काय करणार? मला फक्त झाकता येतं, आणि तेही कुणी ओढून घेतलं तर. त्याने मला ओढून घेतलं नाही.

यार्डात परतल्यावर तो नळापाशी हात धुणाऱ्या टोपीवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "तुझा पोरगा कितवीत आहे रे?"

"दुसरीत," टोपीवाला म्हणाला. मग थांबला. "नाही... थांब. तिसरीत असेल. थांब, बायकोला फोन लावतो." सगळे खो खो हसले. मग दुसऱ्याला विचारलं, त्यालाही नीट सांगता येईना. तिसऱ्याने विचारायच्या आधीच पाठ फिरवली. हळूहळू हसणं थांबलं आणि जो तो आपापल्या गाडीकडे गेला.

मास्टरने चार दिवस रजा घेतली. मागितली नाही, सांगितली. परत आला तो किल्ली द्यायलाच. साहेब यायचे होते, म्हणून तो माझ्या घडीवर येऊन बसला आणि त्याने ताईला फोन लावला. त्यामुळे पुढचं मला कळलं.

"ताई, ह्या वेळी नोकरी बघताना मी कुठल्याच ऑफिसात आधी गेलो नाही. आधी यार्डात गेलो."

"यार्डात? तिथे काय बघायचंय?"

"ताडपत्र्या. एका ठिकाणी सगळ्या चिखलात पडल्या होत्या, फाटकातूनच मागे फिरलो. दुसऱ्या ठिकाणी घड्या घालून ठेवलेल्या, आत गेलो. मग ड्रायव्हर लोकांना विचारलं, पोरं कितवीत आहेत. एकालाही सांगता येईना. तिथूनही निघालो."

"तुला वेड लागलंय," ताई म्हणाली, पण तिच्या आवाजात हसू होतं. "मग मिळाली का कुठली?"

"उस्ताद म्हणाला होता तीच. पत्र्याची खोली. मालकीणबाई स्वतःच बसतात. तिथल्या एका ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणतो, पोरगी सातवीत, भूगोल कच्चा आहे, काल नकाशा मीच काढून दिला आणि तोही चुकला. अर्धा तास भूगोलावरच बोलत होता गं!"

"आणि बाईंनी घेतलं तुला?"

"लगेच कुठलं? म्हणाल्या, नवा आहेस, आधी माझ्या जुन्या माणसाबरोबर फिरायचं, एकट्याला गाडी मिळणार नाही, घाई असेल तर वाट मोकळी आहे. मग माल बांधायला लावला, जुना माणूस शेजारी बसला आणि गाडी काढायला लावली. मी पहिल्याच मोकळ्या जागी थांबलो, खाली उतरलो. बघतो तर एक पट्टा ढिला. मी तर घट्ट आवळला होता! त्या माणसाने निघताना मुद्दाम सैल केला होता, मी थांबतोय का बघायला. मी थांबलो नसतो तर दुसऱ्या वळणावर तोच थांबवणार होता. परत आल्यावर बाई म्हणाल्या, सोमवारपासून ये."

ताई म्हणाली, "पण तिथल्या गाड्या जुन्या म्हणाला होतास मागे. पगारही कमी असेल."

"कमी आहे. भागवू."

"बघ बाबा. आगीतून फुफाट्यात नको पडूस म्हणजे झालं."

"फुफाटा चालून आलोय ताई. पाय भाजले नाहीत," मास्टर म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी मोठ्याने हसला.

मी आनंदले होते. माझ्या मनात आलं, आता आपणही चाललो. पत्र्याच्या खोलीत राहू, जुन्या गाडीवर चढू, आपल्याला काय नव्या गाडीचं कौतुक? मी मनातल्या मनात घडी घालून तयारही झाले. साहेब आले, किल्ली घेतली. मास्टर दारातून परत वळला आणि म्हणाला, "साहेब, ती एक ताडपत्री घेऊन जाऊ का? जुनी झालीय. हवं तर विकत द्या."

"कंपनीची आहे ती," साहेब म्हणाले. "अशी एकेकाला वाटत बसलो तर झालंच."

मास्टर बाहेर आला, मला उघडून नीट पसरलं, दोन्ही कडा मध्यावर आणल्या, हवा दाबून काढली आणि गुंडाळलं. एवढ्या हळू त्याने मला कधी गुंडाळलं नव्हतं. शेडमध्ये कोरड्या फळीवर ठेवलं आणि पाठीवर थाप मारतात तशी एक थाप मारली. मग गेला. मागे वळून बघितलं की नाही, ते मला ठाऊक नाही, त्याने माझं तोंड भिंतीकडे ठेवलं होतं.

तो गेला ते बरं झालं. मी स्वतःला हेच सांगते आणि ते खरंही आहे. पण खरं असलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पुढे मी हाताहातांतून फिरले. कुणी मला धारदार लोखंडावर नुसतीच ओढली, कुणी अंगावरून गाडी मागे घेतली. मास्टरची शिवण टिकली, तिच्या दोन्ही बाजूंचं कापड फाटलं. मग एके दिवशी मला टायरांवर फेकलं. माझ्या खोलगट भागात पाणी साचतं, त्यात डास होतात. टोपीवाला एकदा जाता जाता कुणाला तरी सांगत होता, "मास्टर दिसला होता रे. रस्त्याच्या कडेला थांबून पट्टे बघत होता. मला हात केला. घाईत नव्हता." मी कान टवकारले, पण टोपीवाला पुढे निघून गेला. एवढीच काय ती बातमी.

आणि आज सकाळी ही पोर आली.

विशीतली असेल. खांद्याला पिशवी, हातात नवा कोरा परवाना, त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. ऑफिस उघडायला वेळ होता. तिने इकडेतिकडे बघितलं, माझ्यावरचं पाणी हाताने ओघळवलं आणि माझ्यावरच बसली. किती दिवसांनी कुणी माझ्यावर बसलं म्हणून सांगू! तिने पिशवीतून डबा काढला, दोन घास खाल्ले आणि आईला फोन लावला.

"पोचले गं. काचेतून बघितलं, ऑफिस मस्त आहे, सोफा आहे... हो, नवीन आहे म्हणून कुणी घेत नव्हतं, हे घेतायत... दर रविवारी घरी म्हणालेत फोनवर... अगं खरंच. तू जेवलीस का?"

पोरी, ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात आणि मी तर जातीचीच झाकणारी. जन्मात कधी कुणाचं उघडं केलं नाही. पण आज करते. त्या सोफ्यावर बसू नकोस. ऑफिसच्या मागे जा, यार्डात, आणि आमची दशा बघ. तुझ्या आधी आलेल्यांना त्यांच्या घरचं विचार आणि ते उत्तर द्यायला किती वेळ लावतात ते बघ. आणि कुणी फोनवरून थांबू नकोस म्हणालं, तर तिथेच गाडी थांबवून किल्ली काढ. तुझ्या आईने जेवलीस का ह्याचं उत्तर दिलं ना आत्ता? ते उत्तर रोज ऐकायला मिळेल अशी जागा बघ. असतात तशा जागा, पत्र्याच्या खोलीत असतात, दिसायला काही नसतात.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. तू इथे राहिलीस तर मला बरं वाटेल. तू रोज सकाळी इथे बसशील, डबा उघडशील, आईशी बोलशील आणि मी ऐकत राहीन. एखादे वेळी मला इथून उचलशीलही. तू बसलीस तेवढ्या जागी मी आत्ता कोमट झालेय. मला माहीत आहे, मी गप्प बसले असते तरी कुणाला काही कळलं नसतं.

ऑफिसचं दार वाजलं. कुणीतरी तिला हाक मारली. पोरीने डबा बंद केला, उठली, कपडे झटकले. वारा सुटलाय आणि मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फडफडतेय. तिने एकदा वळून माझ्याकडे बघितलं.

मला सोबत हवीय गं, पण तुझी नको. फाटक अजून उघडं आहे.